मोठा भाऊ सापडतो की नाही

कादंबरी कशी लिहावी हे सांगणारे अमरावतीत जितके लोक आहेत, तितके कादंबरी वाचणारे नसतील. मी कादंबरी लिहितो आहे हे शेजारच्या शालिकराम बोबड्यांना सांगितलं, आणि हा शोध मला घरबसल्या लागला. बोबडे गणिताचे निवृत्त शिक्षक. गच्चीवरची टाकी गळते म्हणून त्यांनी बिल्डरला पाठवलेली नोटीस हीच त्यांची आजवरची सर्वांत दीर्घ साहित्यकृती. पण सल्ला द्यायला त्यांना क्षणाचाही विलंब लागला नाही.

"टेबल कुठं ठेवलं तुमी?"

"खिडकीपाशी."

"मंग कशी होईन कादंबरी? खिडकीतून सप्पा विचार भायेर निंगून जाते. ईशान्येले ठेवा."

ईशान्येला गव्हाची कोठी होती. कोठी झोपायच्या खोलीत गेली. टेबल दारातून निघेना, म्हणून ते आडवं केलं आणि त्याचा एक पाय मोडला. सुतार आला, त्यानं पाय बसवला, पण तेव्हापासून टेबलाचा खण उघडेना. शकुन, म्हणजे माझी बायको, या सगळ्यात काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी भाजी आणायला जातो.

माझी कादंबरी दोन भावांची होती. मोठा भांडून घर सोडून जातो, धाकटा त्याला शोधायला निघतो. एवढीच गोष्ट. पण कित्येक वर्षं झाली तरी मोठा भाऊ घरातून निघालेलाच नव्हता, कारण मी पहिल्या प्रकरणाच्या पुढं गेलो नव्हतो. पहिल्या प्रकरणात धुकं होतं. धुक्यात एक कडुनिंब होता. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. पहिल्याच परिच्छेदात त्रुटी असेल तर फाइल पुढं सरकू द्यायची नाही, या तत्त्वावर मी सगळी नोकरी काढली, आणि कादंबरीही त्याच तत्त्वावर लिहीत होतो. ते धुकं मी इतक्या वेळा दुरुस्त केलं की शेवटी त्यातला कडुनिंब मलाही दिसेनासा झाला.

त्यातच शकुनच्या किडन्या गेल्या. हे एका वाक्यात सांगतो आहे, कारण झालंही तसंच. पायावर सूज आली. ती म्हणाली उन्हानं आली असेल, बोबडे म्हणाले वाताची आहे, मी म्हणालो नव्या चपलेची आहे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. हातात दोन सुया खुपसायच्या, एका नळीनं रक्त बाहेर काढायचं, मशीननं ते धुवायचं आणि दुसऱ्या नळीनं परत आत सोडायचं. याला चार तास लागतात. आजारी माणसानं छताकडे बघायचं आणि सोबतच्या माणसानं आजारी माणसाकडे. पहिले काही दिवस आम्ही तसं केलं. मग एकदा घरून निघताना शकुन म्हणाली, "ते फाइल घेऊन घ्या तुमची. इतके वर्सं काय लिहून राहिले, ते तं कयू द्या मले."

लेखकाच्या आयुष्यात हा क्षण क्वचित येतो. मी इस्त्रीचा सदरा घातला. मशीन सुरू झाल्यावर खुर्ची पुढं ओढली, घसा साफ केला आणि धुकं वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर शकुनची मान कलली. मी घाबरून टेक्निशियनला हाक मारली. करिश्मा नावाची ती मुलगी धावत आली, तिनं बीपी पाहिला आणि म्हणाली, "काका, मावशी बऱ्या आहेत. झोपल्या फक्त."

मी फाइल मिटणार, तेवढ्यात पलीकडच्या बेडवरून आवाज आला.

"मंग?"

उंच, वाळलेला म्हातारा होता. डोक्यावरची पांढरी टोपी त्यानं डायलिसिसलाही काढली नव्हती.

"मग काय?" मी म्हणालो. मी बाहेर प्रमाण मराठी बोलतो. घाबरलो की वऱ्हाडीवर येतो.

"फुढे काय झालं? धुकं हटलं का नाही?"

"पुढचं अजून लिहायचं आहे."

"अन् इतकं लिव्हाले किती दिवस लागले?"

मी खरं ते सांगितलं, आणि ओघात मोठ्या भावाला अजून घर सोडायचं आहे हेही. म्हाताऱ्यानं मोकळ्या हाताच्या बोटांवर वर्षं मोजली. "सायेब," तो शेवटी म्हणाला, "इतक्या दिवसात तं मानूस संत्र्याचं झाड लावून त्याचे फळं विकून येते."

हे पुंजारामभाऊ. मोर्शीकडच्या एका खेड्यातले, संत्र्याची बाग असलेले. घरची बाग, आणि डॉक्टरांनी त्यांना संत्र्याची फोड तोंडात घालायची बंदी केलेली. किडनीवाल्याला संत्रं चालत नाही. ते दर मंगळवारी पिशवी भरून आणत, सोबतच्या लोकांना वाटत आणि आम्ही सोलायला लागलो की त्या वासाकडे तोंड करून निपचित पडत. त्या दिवशी सुया काढून झाल्यावर हातावर कापूस दाबून ते मला म्हणाले, "शुक्रवारी काढजा त्या मोठ्याले घरून. लय दिवस झाले लेकाचा निंगून राहिला."

शुक्रवारी रिकाम्या हातानं जायची मला लाज वाटली. गुरुवारी बसलो आणि दोन्ही भावांचं भांडण लिहून काढलं. परत वाचून दुरुस्त करायला वेळच नव्हता. वाचताना लक्षात आलं की धाकट्याचं नाव मधेच बदललं आहे. मी थांबलो. पुंजारामभाऊ म्हणाले, "राहू द्या. आमी समजून घेतलं." समोरच्या बेडवर बडनेऱ्याच्या माणिकबाई होत्या, त्या म्हणाल्या, "मोठ्याचीच चुकी हाय." पुंजारामभाऊ म्हणाले, चूक धाकट्याची. शकुन जागी होती. ती म्हणाली, "चुकी दोघाईच्या मायची हाये, तिनं लाडावून ठेवले." वॉर्डात तीन पक्ष पडले. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी लेखक आहे.

त्यानंतर कादंबरी अशी धावली की मी तिच्या मागं धावत होतो. दोन डायलिसिसच्या मधे एक प्रकरण. सल्लेही तिथलेच. पुंजारामभाऊ म्हणायचे, माणसं कमी ठेवा, मशीन लागल्यावर नावं ध्यानात राहत नाहीत. माणिकबाईंची तक्रार होती की दोन प्रकरणं झाली, कादंबरीतलं कोणी जेवलेलं नाही. त्यांना स्वतःला मीठ, डाळ, टमाटे, सगळं बंद होतं, म्हणून मी धाकट्याला वाटेत पिठलं-भाकर खाऊ घातली, तर म्हणाल्या, "संगं ठेचा द्या त्याले, तुमच्या बापाचं काय जाते?" आणि करिश्मानं सांगितलं, "काका, शेवटच्या पंधरा मिनिटांत काही महत्त्वाचं ठेवू नका. तेव्हा सगळ्यांच्या पायात गोळे येतात."

हे सगळं सुरळीत चालू असताना पाचव्या प्रकरणात मी भावांच्या आईला ताप आणला.

ताप साधाच होता. पण आई वाताच्या भरात मोठ्याला हाका मारते या ठिकाणी माणिकबाईंचं मशीन कोकलायला लागलं. त्यांचा बीपी उतरला होता. करिश्मा धावली, पाय वर केले, सलाइन सोडलं. माणिकबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी शुद्धीवर आल्या आल्या पुटपुटल्या, "मेली का थे?" डॉक्टरांनी सांगितलं की मशीननं अंगातलं पाणी जास्त ओढल्यानं बीपी उतरला. पण तोवर बातमी खालच्या मजल्यावर ऑफिसात गेली होती, आणि ऑफिसात बातमी पोचली की तिचं परिपत्रक होतं. दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: वॉर्डात पूर्वपरवानगीशिवाय वाङ्मय वाचू नये.

मी ऑफिसात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली आणि अर्ज मागितला. अर्जाला जोडपत्रं लागत होती: कादंबरीचा सारांश, वॉर्डातल्या सर्व रुग्णांचं ना-हरकत, आणि मजकूर प्रकृतीस अपायकारक नाही असा डॉक्टरांचा दाखला. मी अर्ज दिला. तो परत आला, कारण सारांशात शेवट नमूद नव्हता. मी लिहिलं, शेवट लेखकाच्या विचाराधीन आहे. तो परत आला, कारण "विचाराधीन" या शब्दापुढं मुदत नव्हती. मी आयुष्यभर लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. पण इतक्या सुबक त्रुटी मलाही कधी जमल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी दाखला दिला. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ऐकण्यास हरकत नाही, आई मरणार नसल्यास. म्हणून सहाव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आईचा ताप उतरला आणि ती चुलीपाशी बसून भाकरी थापू लागली. डॉक्टरांच्या सहीनं बरी झालेली वाङ्मयातली ती एकटीच आई असावी.

पण मला तिची काळजी नव्हती. मला मोठ्या भावाचं मरण हवं होतं. ते मी पहिल्यापासून ठरवून ठेवलं होतं आणि कोणालाही, शकुनलासुद्धा, सांगितलं नव्हतं. धाकटा गावोगाव शोधत अकोल्याला पोचतो. तिथं एका धर्मशाळेतल्या खोलीत आपल्यासारख्याच तोंडावळ्याचा एक माणूस पडून आहे असं त्याला कळतं. तो दाराशी जातो. आत मोठा भाऊ असतो, पण सकाळीच गेलेला असतो. थोडा उशीर. त्या उशिरासाठीच मी अख्खी कादंबरी रचली होती. एका शुक्रवारी मी धाकट्याला त्या दाराशी आणून उभं केलं आणि फाइल मिटली.

"उघडा ना दार," माणिकबाई म्हणाल्या.

"पुढच्या वेळी."

 पुंजारामभाऊ गेल्या महिन्यापासून खंगत चालले होते. हाताची शीर बंद पडली म्हणून मानेत नळी टाकली होती. मुलगा त्यांना उचलून बेडवर ठेवत असे, आणि टोपी आता डोक्यावर न राहता उशीशेजारी पडलेली असे. संत्र्याची पिशवी मात्र यायची. मशीनच्या नळ्या सोडवून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सायेब, वाचू नका. नुसतं सांगून द्या मले. मोठा भाऊ सापडते का नाही?"

"पुंजारामभाऊ, असं सांगता येत नाही. कलाकृतीचा शेवट हा..."

"बरं बरं," ते म्हणाले. त्यांना माझ्यासमोर अवघडल्यासारखं झालं होतं.

आमची मुलगी आकांक्षा अकोल्याला असते. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, इथं रविवारी शिबिर आहे, कादंबरी पूर्ण कशी करावी याचं. मी तुमचं नाव देऊन टाकलं." शकुन म्हणाली, जाऊन या. मी गेलो. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर शिबिर होतं आणि खालच्या मजल्यावर साड्यांचा सेल. मार्गदर्शक विपुल सर नावाचे जाकीटवाले तरुण होते. त्यांची स्वतःची कादंबरी पूर्ण होत आली आहे असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. रोज ठरावीक वेळी बसा, लिहिलेलं लगेच दुरुस्त करू नका, ऐकणारं कोणी तरी धरून ठेवा. खालून "कोणतीही साडी पाचशे" अशी हाळी येत होती, आणि मला हे सगळं रक्त धुणाऱ्या मशीनशेजारी बसून आधीच कळलेलं होतं. मी थोड्या तोऱ्यातच उठलो आणि सांगितलं, माझं एकच प्रकरण राहिलं आहे.

विपुल सर पुढं आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लिहू नका," ते म्हणाले. "आत्ता मुळीच लिहू नका. हस्तलिखित खणात टाका, सहा आठवडे. थंड होऊ द्या. घाई करणारा लेखक आपल्या पुस्तकाचा जीव घेतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माइकवरून "ज्येष्ठ कादंबरीकार श्री. चंद्रभान गावंडे" असं पुकारून मला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. नोकरीत मला सगळे "गावंडे बाबू" म्हणायचे. माइकवरून श्री. लागलं की माणसाचं काय होतं, ते लागल्याशिवाय कळायचं नाही.

घरी आलो आणि खण उघडण्यासाठी टेबलाला दोन लाथा घातल्या. फाइल आत टाकून खण लावून टाकला.

"हे काय करून राहिले तुमी?" शकुन म्हणाली.

"थंड करायला ठेवली."

"थंड कराले ते का खीर हाये? लोकं थांबून हायेत तिथं."

"तुला साहित्यातलं कळत नाही."

ती काही बोलली नाही. बाजारात जाण्याइतकी भाजीही संपलेली नव्हती.

मी मंगळवारी वर्तमानपत्र घेऊन गेलो. कपाशीचे भाव वाचून दाखवले, निधनवार्ता गाळून बाकी सगळं वाचलं. माणिकबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पुंजारामभाऊ कपाशीचे भावसुद्धा डोळे मिटून नीट ऐकायचे, न जाणो मधूनच धाकटा निघायचा. एकदा करिश्मानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "काका, ते मला विचारत होते. सायबाले माह्या बोलन्याचा राग आला का म्हणून." मी म्हणालो, छे छे, राग कसला, ही एक प्रक्रिया असते. त्यांना मात्र जाऊन हे सांगितलं नाही. सहा आठवडे झाले की एकदम प्रकरणच नेऊन वाचावं, अशी माझी कल्पना होती.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्यांच्या बेडवर धुतलेली चादर अंथरलेली होती.

करिश्मा शकुनच्या हातात सुई घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पुंजारामबाबा गेले. बुधवारी, घरीच."

शकुननं डोळे मिटले. मशीन सुरू झालं.  माणिकबाई समोरून म्हणाल्या, "दाराशीच उभं ठेवलं तुमी त्याइले."

त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. मी वर्तमानपत्राची घडी घालून ते खुर्चीखाली ठेवलं. 

घरी आल्यावर मी खण ओढला. तो उघडेना. लाथा घातल्या, तरी उघडेना. पावसाळी हवेनं लाकूड फुगलं होतं. बोबडे आवाज ऐकून आले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "टेबल ईशान्येलेच हाये ना? मंग उघडाले पाह्यजे." मी रागाच्या भरात पाठीमागची फळी हातोडीनं फोडली आणि मागून हात घालून फाइल काढली. मग त्याच फुटक्या टेबलाशी बसून शेवटचं प्रकरण लिहिलं. दार उघडतं, मोठा भाऊ गेलेला असतो, धाकटा त्याचे पाय झाकतो. छान उतरलं होतं. मी लिहिलेल्यांत सर्वांत छान. ते वाचून मला रडू आलं आणि आपल्याला रडू आलं याचं समाधानही वाटलं. मी असा माणूस आहे.

मी ठरवलं, तेरवीला जायचं आणि पुंजारामभाऊंच्या घरी हा शेवट वाचायचा. बोबडे म्हणाले, "तेरवीले कादंबरी वाचत नसतात, शास्त्रात कुठंच नाही." शकुनला त्या आठवड्यात चालवत नव्हतं. ती पलंगावरूनच म्हणाली, "जा तुमी. त्याइचं राहून गेलं ते."

मोर्शीपर्यंत एसटी आणि पुढं ऑटो. मांडवात पंगत बसली होती. काखेत फाइल आणि अंगात इस्त्रीचा सदरा पाहून वाढणारा एक माणूस हातातली बादली ठेवून पुढं आला. "विम्यावाले का तुमी? आज नका ना येऊ बाप्पा." मी म्हणालो, मी दवाखान्यातून आलो आहे. तो म्हणाला, "दवाखान्याचं बिल तं भरलं ना आमी सप्पा!" शेवटी मी घाबरून वऱ्हाडीवर आलो. "अवो, मी तो गोठ सांगनारा हावो. दोन भावाची."

बायकांमधून एक ठेंगणी म्हातारी उठून आली. पुंजारामभाऊंची बायको, पार्वताबाई. कपाळ उघडं, डोळे सुजलेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी कादंबरीवाले सायेब?"

मी मान हलवली. तिनं मागं वळून हाक दिली, "अवो या वं, थे कादंबरीवाले सायेब आले!" आणि बायका, माणसं, जेवण अर्धवट टाकून पोरंसोरं, सगळी माझ्याभोवती गोळा झाली. मला काही कळेना. एक बाई म्हणाली, धाकट्यानं चुलीजवळ असं बोलायला नको होतं. दुसरी म्हणाली, ठेचा काहून खाल्ला त्यानं, पोट बिघडलं असतं तर? एका माणसानं धाकट्याची दोन्ही नावं सांगितली आणि विचारलं, खरं कोणतं?

मग त्यांच्याच बोलण्यातून कळलं. पुंजारामभाऊ दर मंगळवारी आणि शुक्रवारी घरी आले की ओट्यावर बाज टाकायला सांगत. उठून बसायची ताकद नसे. पडल्या पडल्या त्या दिवशीचं प्रकरण सगळ्यांना सांगत. गल्ली जमायची. कुठल्या धर्मशाळेत कोणतं दार आहे, हे त्या गावाला तोंडपाठ होतं.

मी पाणी प्यालो. फाइल मांडीवर घेतली. "त्यांना शेवट ऐकायचा होता," मी म्हणालो. "मला उशीर झाला. मी आणला आहे. तुम्ही म्हणाल तर वाचतो."

पार्वताबाईनं माझ्याकडे पाहिलं. "शेवट? शेवट तं झाला ना. त्याइनं सांगतला."

"कधी?"

"गेले ना, त्याच्या आंदी. म्हने सायेबाचं काम लय हयूहयू चालू हाये, मले तं तितका टाइम नाही. मीच संपवून टाकतो म्हने."

"मग... कसा संपवला?"

ती खाली बसली, पदर सारखा केला. बाकीच्यांना पाठ होतं तरी सगळे तिच्याकडे तोंड करून बसले.

"त्यानं दार उघडलं. पाह्यते तं मोठा भाऊ बशीत चहा ओतून राह्यला. धाकट्यानं इचारलं, तू काहून निंगून गेलता बाप्पा? मोठा म्हने, राग आलता. धाकटा म्हने, मंग आता? म्हने, आता नाही. म्हने, चाल मंग घरी. तं मोठा म्हने, थांब, चप्पल घालू दे."

"मंग यश्टीत बसले," मागून एक पोरगी म्हणाली.

"हो. मंग यश्टीत बसले. मोठ्या भावाले हाफ तिकीट लागलं." इथं सगळे हसले. पार्वताबाईही हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "घरी आले तं मायनं दोघाइलेही एक एक थापड ठेवून देली. अन् मंग जेवू घातलं. झालं."

लेखक म्हणून मला त्यात ताबडतोब तीन त्रुटी दिसल्या. घर सोडण्यासारखं काही घडलेलंच नाही, असं त्या "राग आलता"नं होऊन जात होतं. माझ्या कादंबरीतला मोठा भाऊ बेचाळीस वर्षांचा होता, त्याला एसटीत हाफ तिकीट लागूच शकत नाही. आणि ज्या उशिरासाठी मी सगळं रचलं होतं, तो उशीर त्यात कुठंच नव्हता. मी फाइलची नाडी हातात धरून बसलो होतो.

"तुमचा येगया हाये का शेवट?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "असाच आहे."

"मंग बरं झालं." तिनं सुस्कारा टाकला. "थे म्हनेच, सायेबही असंच करन. मानूस चांगला हाये, नुसता हयू हाये."

त्यांनी मला पंगतीत बसवलं. मी जेवलो. काय जेवलो ते मला आठवत नाही. निघताना मुलानं संत्र्याची पिशवी एसटीपर्यंत आणून दिली.

घरी आलो तेव्हा शकुन पलंगावर टेकून बसली होती. "वाचला?"

"नाही."

"काहून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, विम्याच्या माणसापासून. हाफ तिकिटापाशी ती हसायला लागली. तिला धाप लागली तरी थांबेना, मी पाठीवर हात फिरवत राहिलो. मग तिनं विचारलं, "अन् तुमचा काय होता?"

मी सांगितलं. सकाळीच गेलेला. पाय झाकतो.

तिनं पायावरची चादर उगाच ओढून सरळ केली. मग म्हणाली, "पुंजारामभाऊचाच ठेवा."

"अगं, पण ते पटणार नाही कोणाला. सगळ्या कादंबरीचा कल..."

"नाही पटलं तं नाही पटलं. तुमची कादंबरी कोन वाचून राह्यलं? आमीच ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माह्यासाठी तरी जित्ता ठेवा त्याले."

मी फाइल आणली. पलंगाच्या कडेला बसलो, कारण तिला टेबलापर्यंत चालवत नव्हतं. शेवटची पानं काढून बाजूला ठेवली आणि लिहायला लागलो. बशी, चहा, राग आलता, चप्पल. ती खांद्यावरून पाहत होती.

"हाफ तिकीट टाका."

"शकुन, बेचाळीसच्या माणसाला हाफ तिकीट नसतं. पासष्ट लागतात."

"मंग पासष्टचा करा."

"मग धाकटा साठीला जातो. आई नव्वदीला जाते. नव्वदीची बाई थापड मारेल का?"

"काहून नाही मारनार? जाऊ द्या तिले नव्वदीले," शकुन म्हणाली. "वय वाढवाले का पैसे लागते?"

मी पहिल्या पानापासून सगळ्यांची वयं वाढवायला घेतली.